टेकाडवस्ती पिछाडीवर

चहा सांगा, पण सोबत खायला काही मागवू नका. भाकरी तर नकोच. आमच्या गावच्या सप्ताहात मी जो घोळ घातला, तो ऐकायचाच असेल तर ऐका, पण मधे हसू नका. मला सगळे हसून झालेले आहेत. तुमची भर नको.

आधी माझी अवस्था समजून घ्या. मी हायस्कूलवर गणित शिकवतो. गाव पाथर्डीच्या पुढं, कोरडवाहू. 'सरांना कॉम्प्युटर येतो' ही बातमी गावात एकदा फुटली ती फुटलीच. कुणाचा ऑनलाइन दाखला, कुणाच्या पुतणीचा बायोडाटा, कुणाच्या म्हशीचा विमा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुणाच्या वर घ्यायचा, सगळं माझ्या ओट्यावर येतं. नाही म्हणायची सोय नाही. सकाळी मी नाही म्हटलं, की दुपारी पिठाच्या गिरणीत माझ्या बायकोला ऐकून घ्यावं लागतं. आणि तिनं ऐकलं की संध्याकाळी मला. त्यामुळं मी कायम दमलेला असतो. या सगळ्या गोष्टीत मी कुठंही दिसलो, तरी माझ्या मनात एकच होतं असं धरून चाला: घरी जाऊन पडावं.

तर सप्ताह. आमच्याकडं सप्ताह म्हणजे सात दिवस भजन-कीर्तन आणि रोज सगळ्या गावाची पंगत. आमटी देवळापाशी मोठ्या कढईत शिजते. भाकरी मात्र घराघरातून येते. बाया दुरडीत भाकरी भरून, वर फडकं बांधून आणतात आणि मंडपात अंथरलेल्या चादरीवर ओततात. त्या ढिगातून वाढपी उचलतात आणि वाढतात. कुणाची भाकरी कुणाच्या ताटात गेली हे देवालाही कळत नाही. ही पद्धत आमच्या आज्या-पणज्यांपासून बिनबोभाट चालू होती. 'होती' म्हणतोय, लक्षात घ्या.

गेल्या वर्षी एवढंच झालं, की एक दिवस भाकरी कमी पडली आणि दुसऱ्या दिवशी इतकी उरली की गुरांना घालावी लागली. झालं. सप्ताह कमिटीचे नाना माझ्या ओट्यावर.

"सर, औंदा भाकरीचं तेवढं बसवून द्या."

"नाना, भाकरीचं काय बसवायचं?"

"आवो, किती आली, कुठून आली, पंगतीच्या आधी कळाया पायजे. कमी दिसली तर माणूस धाडता येतो. तुमाला काय, कॉम्प्युटर येतो."

त्याच आठवड्यात मी नगरहून एक प्रशिक्षण करून आलो होतो. माहिती डोळ्यांना दिसेल अशी कशी मांडावी, असा विषय. शिकवणाऱ्या बाई फार छान बोलल्या. म्हणे, कुणी वर्षभराच्या थंडी-उन्हाळ्याप्रमाणं रंग बदलत लोकरीची शाल विणतं. कुणी रोजच्या पावसाची गोधडी शिवतं, जेवढा पाऊस तेवढा निळा तुकडा. कुणी घरात भांडी कोण किती वेळा घासतं त्याचे मणी वाटीत टाकत जातं. सत्र दुपारच्या जेवणानंतरचं होतं, त्यामुळं मी अर्धंच ऐकलं. हे बघणारी माणसं कोण आहेत त्याचा आधी विचार करा, असं बाईंनी नक्कीच कधीतरी सांगितलं असणार. तेव्हा मी झोपलो असणार.

मण्यांचा किस्सा मी घरी येऊन रंजनाला, म्हणजे आमच्या बायकोला सांगितला. तिनं लगेच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. तिची वाटी दोन दिवसांत भरली. माझ्या वाटीत एक झुरळ आलं. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप दोन्ही वाट्या फडताळात सारल्या. माणसानं तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण मी नानांना म्हणालो, "करतो काहीतरी."

मी एक प्लायवूडचा मोठा बोर्ड घेतला. त्यावर तीन खांबांची जागा आखली. गावठाण, मळे आणि टेकाडवस्ती, असे आमच्या गावाचे तीन भाग आहेत. मग तपकिरी कार्डपेपरच्या भाकरी कापल्या. म्हणजे रंजनानं कापल्या. वर काळ्या पेन्सिलनं तव्याचे डाग काढले. एक दुरडी आली, की त्या वस्तीच्या खांबावर एक कागदी भाकरी चिकटवायची. खांब वाढत जाईल. नानांनी लांबून नुसतं बघितलं तरी कळेल, आज भाकरी पुरते का नाही. साधी गोष्ट. मंडपाच्या तोंडाशी बोर्ड लावला, तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला. खोटं कशाला बोलू.

पहिला दिवस झकास गेला. लोक बोर्डासमोर उभं राहून फोटो काढत होते. दोघा-तिघांनी स्टेटसला ठेवला. नाना म्हणाले, "सर, तुमी गावाचं नाव काढलं."

आता बबनबद्दल सांगतो. बबन हा आमच्या गावचा मंडप आणि स्पीकरवाला. सप्ताहात माईक त्याच्याकडं असतो. 'पंगत बसतेय, हातपाय धुऊन या' एवढंच त्याचं काम. पण निवडणुकीत हाच बबन रिक्षात बसून प्रचार करतो, आणि निकालाच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर उभं राहून गावाला आकडे सांगतो. आणि तुम्हीच विचार करा, आपल्या लोकांनी आयुष्यात असे उभे खांब कधी बघितले? टीव्हीवर, निकालाच्या दिवशी. दुसरं कधीच नाही. मला वाटलं होतं गाव भाकरी बघेल. गावानं निकाल बघितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबननं माईक हातात घेतला.

"ताजा कल हाती येतोय. गावठाण मोठ्या आघाडीवर. मळ्यांनी चांगली लढत दिलेली आहे. टेकाडवस्ती मात्र पिछाडीवर. टेकाडवस्ती फारच पिछाडीवर."

स्पीकर देवळाच्या शिखरावर. आवाज शेजारच्या गावाच्या शिवारात जातो.

आणि माझी अक्का तेव्हा दुरडी डोक्यावर घेऊन मंडपाच्या तोंडाशी उभी होती.

अक्का माझी थोरली बहीण. गावातल्या गावात दिलेली, टेकाडवस्तीवर. आमची आई लवकर गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते अक्कानं. टेकाडवस्तीवर मुळात घरं थोडी. त्यात थंडीच्या दिवसांत निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहिलेल्या चार बाया आणतात त्या भाकरी. खांब बुटका राहील नाहीतर काय होईल? हे सगळं मला माहीत होतं. माझी बहीण तिथं नांदते आणि मला माहीत नाही, असं कसं होईल? पण बोर्ड आखताना ते डोक्यातच आलं नाही.

अक्कानं दुरडी खाली ठेवली. फडकं सोडलं, भाकरी चादरीवर ओतल्या, फडकं झटकलं, आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. पंगतीला बसली नाही.

तिसऱ्या दिवशी टेकाडवस्तीवरून एकही दुरडी आली नाही.

मी मोटरसायकल काढून वस्तीवर गेलो. अक्का ओसरीवर मटकी निवडत होती. मान वर केली नाही.

"ये, बस. पाणी देती. का मोजून देऊ?"

"अक्का, तो नुसता तक्ता आहे गं."

"व्हय, तक्ताच हाय. माझ्या सासूपास्नं भाकर जाती त्या देवळात. कुनाची किती, आजवर कुनी इचारलं न्हाई. तू इचारलंस. आन् वर स्पीकरवरनं सांगितलंस."

"मी नाही, बबननं."

"बोर्ड कुनाचा हाय?"

अक्कानं सूप बाजूला ठेवलं.

"तू पाथर्डीला खोलीवर हुतास. रोज एष्टीला डबा दिला मी, कंडक्टरच्या हातात. पावसापान्यात रस्त्याला हुबी ऱ्हायली. तवा कवा मोजून घातल्या का रं दत्त्या?"

नाही घातल्या. डब्याचं झाकण लागायचं नाही इतक्या असायच्या. माझ्या खोलीतली दोन पोरं त्या डब्यावर शिकून नोकरीला लागली. मला खरंच रडू आलं. दरवर्षी काल्याच्या दिवशी, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, अक्का पंगतीत माझ्या मागं येऊन उभी राहते आणि दुरडीत वेगळी बांधून ठेवलेली तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, माझ्या ताटात टाकते. मी हेडमास्तरांच्या शेजारी बसलेलो असलो तरी. मला त्याची लाज वाटायची आणि वाटही बघायचो. या वर्षी ती येणार नव्हती. तिनंच सांगितलं, "आता काल्यालाबी येत न्हाई मी. पिछाडीवरच्या मान्सांचं काय काम हाय तिथं."

आता दुसऱ्या कुणी तिथंच बहिणीचे पाय धरले असते. मी घरी जाऊन सरासरी काढली.

हसू नका म्हटलं ना. मी गणिताचा माणूस. मला वाटलं, चूक मांडणीत आहे. घरं थोडी म्हणून खांब बुटका. मग घरामागं किती दुरड्या आल्या ते दाखवू. कुलूप असलेली घरं सोडून दिली, भागाकार केला, आणि काय सांगू, टेकाडवस्ती एकदम सगळ्यांच्या वर. त्या चार बायांनी पहिल्या दोन दिवसांत घरटी सगळ्यांत जास्त भाकरी आणली होती. मी खुशीत बोर्डावरच्या भाकरी उचकटल्या आणि नव्यानं लावल्या. वर बारीक अक्षरात 'घरटी' असं लिहिलं. ते बारीक अक्षर माझ्याशिवाय आजतागायत कुणी वाचलेलं नाही.

बबननं बोर्ड बघितला आणि त्याला भरून आलं.

"धक्कादायक निकाल. टेकाडवस्तीची जोरदार मुसंडी. गावठाण थेट तळाला. गावठाणात सन्नाटा."

गावठाणात सन्नाटा वगैरे काही नव्हता. गावठाणातल्या सगळ्या बाया माझ्या दारात होत्या, आणि सगळ्यांच्या पुढं माझी बायको. रंजना एकटी असली की मी काहीतरी बोलू शकतो. तिच्यामागं गल्ली उभी असली की नाही.

"अहो, एक विचारू का?" रंजना म्हणाली. "अक्कांच्या वस्तीवरनं आज दुरडी आली का?"

"आज नाही आली."

"मग त्या वर कशा?"

"ते घरटी आहे गं. घरांच्या संख्येनं भागलं, की..."

"मी पहाटेपासून तव्यापुढं बसलेय. हे बघा, मनगट भाजलंय. आणि मी तळाला."

"तू नाहीस, गावठाण तळाला."

"मी कुठं राहते मग?"

शेजारची मावशी मागून म्हणाली, "सर, बहिनीला वर घ्यायचं हुतं तर सरळ सांगायचं. आमाला भागाकार कशाला शिकवता?"

त्या दिवशी मला कळलं, दोन खरे आकडे मिळून एका माणसाचं वाटोळं करू शकतात. पहिला खरा होता, त्यानं बहीण गेली. दुसराही खरा होता, त्यानं बायको. घरचं जेवण बंद झालं. "मंडपात भाकरी काय कमी आहे?" रंजना म्हणाली. तेही खरंच होतं.

आणि अक्का? मला वाटलं, अक्का खूश होईल. तिची सून मला फोनवर हळूच म्हणाली, "मामा, आई लई चिडल्यात. म्हनत्यात, भागाकार करून वर चढवलंय मला. मी काय ल्हान हाय का, कुनी कडेवर घ्यायला?"

"अजून काय म्हणाली?"

"रोज मला इचारत्यात, आज आपली वस्ती कुठं हाय म्हून. पर तुमाला सांगू नका."

चौथ्या दिवसापासून गावात जे सुरू झालं, ते थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. गिरणी सकाळपासून दुपारपर्यंत बंदच होईना. गावठाणातल्या बायांनी सुनांना, लेकींना, पाहुण्यांना कामाला लावलं. मळ्यातली माणसं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुरड्या घेऊन आली, वर हलगी. भागाकार सोडून परत दर दुरडीमागं कागदी भाकरी लावून लावून माझी बोटं चिकटून बसली. बबनचा आवाज बसला तरी तो थांबेना.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की बोर्डावर भाकरी मोजली जात नाही, दुरडी मोजली जाते. झालं. दुरड्या बारीक व्हायला लागल्या. आधी मोठी दुरडी, मग निम्मी, मग फुलांची परडी. एका बाईनं पूजेच्या तबकात एकुलती एक भाकरी आणली आणि म्हणाली, "लावा, सर, एक." मी नानांकडं बघितलं. नाना म्हणाले, "लावा." मग आम्ही दुरडीऐवजी भाकरी मोजायचं ठरवलं. तर भाकरी बारीक व्हायला लागल्या. शेवटी शेवटी मंडपात पुरीएवढ्या भाकरी येत होत्या. प्रशिक्षणातल्या बाईंना हे कळवावं असं मला मनापासून वाटत होतं, पण माझ्याकडं त्यांचा नंबर नव्हता आणि तोंडही नव्हतं.

"सर," नाना एकदा ढिगाकडं बघत म्हणाले, "भाकरीचा डोंगर झालाय. आमटी कुठून आणू मी?"

आमटीत पाणी वाढलं. मग अजून वाढलं. पंगतीतली माणसं ताटात डाळ शोधायची. उरलेली भाकरी गुरांना घातली. दोन दिवस गुरांनी खाल्ली, तिसऱ्या दिवशी गुरांनीही तोंड फिरवलं.

मी ठरवलं, बोर्ड काढायचा. भर दुपारी, मंडपात कुणी नसेल असं बघून पक्कड घेऊन गेलो. पहिला खिळा निम्मा निघाला असेल, तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. गावठाणातल्या पाच-सहा बाया उभ्या.

"काय करता, सर?"

"काढतोय बोर्ड. पुरे झालं हे."

"असं कसं पुरे? आजच आमी वर आलोय. आता काढता व्हय?"

तेवढ्यात मळ्याकडच्या दोघी आल्या. त्यांचं म्हणणं, बोर्ड राहू दे, पण गावठाणानं बारीक भाकरी करून फसवलंय, ते आधी बघा. बबन लांबून माईकवर म्हणाला, "बोर्डापाशी बंदोबस्त वाढवण्यात येत आहे." मी निम्मा निघालेला खिळा परत ठोकला आणि घरी आलो. घरी रंजना झोपली होती. तिला उठवायची हिंमत झाली नाही. बाहेर ओट्यावरच बसून राहिलो.

काल्याच्या दिवशी सकाळी उठलो आणि सरळ टेकाडवस्तीवर गेलो. या वेळी कागद, पेन्सिल, काही नेलं नाही.

अक्का चुलीपुढं बसलेली. शेजारी परात, बाजरीचं पीठ. दुरडी तयार होती, फडकं धुऊन वाळत घातलेलं. म्हणजे जायचं तिच्याही मनात होतं. पण ते तिच्या तोंडून निघणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

"अक्का, चुकलो मी," मी म्हणालो. "तू आली नाहीस तर मी पंगतीला बसणार नाही."

"नगं बसू. भाकरी उरल्यात म्हनं लई."

"अक्का, तुझ्या हातची पाहिजे."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "तुझा खांब कुठं हाय रं?"

"कसला खांब?"

"समद्या गावाच्या भाकरी मोजल्यास. तुझी किती? इतक्या वर्सांत देवळाला तुझ्या हातची किती गेली?"

हिशेब सोपा होता: शून्य.

"बस हितं," ती म्हणाली. "एक कर. एकच. तुझ्या हातची एक भाकर देवळाला गेली, की मी येते."

आता मी लग्न झालेला बाप्या माणूस, हायस्कूलचा शिक्षक, परातीपुढं मांडी घालून बसलो. अक्काची सून तोंडाला पदर लावून भिंतीकडं तोंड करून उभी. अक्कानं गरम पाणी ओतलं, मी पीठ मळायला घेतलं. पहिला उंडा हाताला चिकटला तो सुटेना. दुसरा थापायला घेतला, तर एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं परात दिसायला लागली. बाजरीचं पीठ ताण धरत नाही हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण बाजरीला त्याचं काही वाटत नाही. उचलायला गेलो, तर मधून तुटली. शेवटी जी तव्यावर पडली, ती पडली म्हणजे अक्षरशः पडली. तिला कडा अशी नव्हती. मी पाण्याचा हात फिरवायला गेलो आणि तवा लागला.

"बोट भाजलं व्हय?" अक्का म्हणाली.

"हो."

"रंजीचं मनगट भाजलंय म्हनं."

म्हणजे तिला सगळी बातमी होती. आणि मग ती हसायला लागली. आधी बारीक, मग डोळ्याला पदर लावून. मला इतकं हलकं वाटलं, की तव्यावरची भाकरी करपली तरी मी बघत बसलो.

तिनं ती भाकरी उलथन्यानं खरवडून काढली, निवली की फडक्यात वेगळी बांधली आणि दुरडीत सगळ्यांत वर ठेवली. मला वाटलं, घरी ठेवील. नाहीतर गुरांना घालील. पण माझी बहीण गावातल्या गावात दिलेली आहे. तिला गाव माहीत आहे.

काल्याचं कीर्तन संपलं होतं, पंगत बसत होती. अक्का दुरडी घेऊन मंडपात आली तेव्हा गावठाणातल्या बाया वाट देत बाजूला झाल्या. रंजना पुढं आली आणि तिच्या डोक्यावरची दुरडी उतरवून घेतली. अक्कानं तिचं मनगट हातात घेऊन बघितलं. "तूप लाव," म्हणाली. झालं, एवढंच. इतक्या दिवसांचं भांडण एका वाक्यात गेलं आणि मी तिथं उभा राहून विचार करतोय, की मी मधे कशाला आलो होतो.

मग अक्कानं वरचं फडकं सोडलं आणि माझी भाकरी रंजनाला दाखवली. रंजनानं ती मावशीला दाखवली. मावशीनं मळ्यातल्या बायांना. दुपारपर्यंत एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तिन्ही वस्त्यांच्या बाया एका भाकरीभोवती गोळा होऊन एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मग रंजनानं, माझ्याच बायकोनं, ती भाकरी नेऊन बबनच्या हातात दिली.

बबननं बोर्डाच्या मोकळ्या बाजूला खडूनं चौथा खांब आखला. खाली लिहिलं, 'सर'. मी निम्मा काढून परत ठोकलेला तो खिळा उपटला, माझ्या भाकरीत घातला आणि तिथं ठोकला. खिळा ठोकताना भाकरीला तडासुद्धा गेला नाही. मग त्यानं बसलेल्या आवाजात माईकवर सांगितलं:

"आत्ताच हाती आलेला निकाल. सरांनी खातं उघडलेलं आहे. सर, एक भाकरी. सरांचं डिपॉझिट जप्त."

शेजारच्या गावात ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुख्याध्यापकांचा सांत्वनाचा फोन आला.

पंगतीत मी मान खाली घालून बसलो होतो. मागून तीळ लावलेली भाकरी ताटात पडली, वर लोण्याचा गोळा. मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर हेडमास्तरांपुढं रडलो असतो.

सप्ताह संपून बरेच महिने झाले. बोर्ड अजून देवळाच्या मागच्या खोलीत आहे. कागदी भाकरी खोलीतल्या ओलीनं सगळ्या गळून पडल्या, गावठाण, मळे, टेकाडवस्ती, सगळे खांब आता सारखे, रिकामे. माझा तेवढा टिकून आहे. परवा नानांना विचारलं, ती खिळ्यावरची भाकरी अजून आहे का हो? नाना म्हणाले, "हाय की. त्या खोलीत उंदीर लई झालेत, सर. पोती कुरतडली, सतरंज्या कुरतडल्या. तुमच्या भाकरीला अजून कुनी तोंड लावलेलं न्हाई."